सेवा गावाच्या नावावर, बाई उसाच्या फडात

समाजकार्याचं शिक्षण घेणाऱ्या एका मुलीने मला प्रश्न विचारला आहे. थोडक्यात तो असा: महाराष्ट्रात आता प्रत्येक कुटुंबाला पाच लाखांचं आरोग्य कवच आहे, सरकारी दवाखान्यात केसपेपरचेही पैसे लागत नाहीत, गावागावात आशा आहे, अंगणवाडी आहे. तरीही बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या एवढ्या मोठ्या संख्येने कशा काढल्या गेल्या? यात अडाणीपणाचा भाग किती आणि धोरणाचा किती? आणि त्यानंतर झालेल्या कारवाईचा काय उपयोग झाला? हे उत्तर तिलाच लिहिते आहे.

मी बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि नंतर ग्रामीण रुग्णालयात मिळून बावीस वर्षं डॉक्टर म्हणून काम केलं. या बायका माझ्या बाह्यरुग्ण विभागात रोज यायच्या. मला त्या अडाणी कधीच वाटल्या नाहीत. पैशाचा, दिवसांचा आणि अंगातल्या ताकदीचा त्यांचा हिशोब माझ्यापेक्षा पक्का असायचा. त्या हिशोबात पिशवी काढणं फायद्याचं ठरत होतं, आणि ते तसं का ठरत होतं, हे सांगायला मला जरा वेळ लागेल.

आधी आकडे. २०१९ साली हा विषय विधिमंडळात गाजला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या वेळी बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. म्हणजे शंभरात जवळपास सतरा. त्याआधीच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये हेच प्रमाण देशात ३.२ टक्के आणि महाराष्ट्रात २.६ टक्के होतं. दोन्ही पाहण्यांची पद्धत वेगळी आहे, वयोगट नेमके जुळत नाहीत, त्यामुळे 'इतके पट' असं छातीठोकपणे मी सांगणार नाही. पण एवढी मोठी तफावत पाहणीच्या पद्धतीमुळे पडत नाही.

आता ती बाई माझ्यासमोर कशी यायची ते सांगते. वय तिशीच्या आसपास. लग्न सोळा-सतराव्या वर्षी झालेलं, कारण उसाला जोडी लागते. नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरतात, आणि उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, त्या कोयत्यावर मिळते. एकट्या पोराला मुकादम, म्हणजे मजुरांची टोळी नेणारा कंत्राटदार, निम्माच धरतो, म्हणून दसऱ्याच्या आधी घाईघाईत लग्नं उरकली जातात. काही तर कारखान्यावर गेल्यावरच लागतात, त्यांना आमच्याकडे 'गेटकेन लग्न' म्हणतात. २०१९-२१च्या राष्ट्रीय पाहणीत बीडमधल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी जवळपास ४४ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. राज्याचं प्रमाण २२ टक्क्यांच्या आसपास आहे. विसाव्या-बाविसाव्या वर्षापर्यंत दोन-तीन बाळंतपणं आणि त्यानंतर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेली.

तक्रार बहुतेक वेळा एकच: अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं, कंबर धरते. कधी पाळीत फार जातं, कधी अंग बाहेर आल्यासारखं वाटतं. ही दुखणी फडातच घडतात. पहाटे तीन-चारला उठून तोडीला लागायचं. दिवसभर वाकून ऊस तोडायचा, वाढं छाटायचं, मोळ्या बांधायच्या. मग तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं, आणि ट्रक रात्री अकराला आला तर रात्री अकराला चढायचं. कारखान्याजवळ मजुरांच्या तळावर नाहीतर शेताच्या बांधावर कोपी, म्हणजे तात्पुरती झोपडी. तिला दार नाही, मोरी नाही, संडास नाही. अंघोळ अंधारात. पाळीचा कपडा कालव्याच्या पाण्यात धुवायचा आणि लाजेने कोपीच्या आतच वाळवायचा. लघवीला जायला आडोसा नाही म्हणून पाणी कमी प्यायचं. असे पाच-सहा महिने काढल्यावर कोणत्याही बाईला जंतुसंसर्ग होईल. त्यावर मुरलेला रक्तक्षय तर राज्यभरातच आहे, निम्म्याहून जास्त बायकांना.

यातलं बरंचसं दुखणं औषधाने बरं होतं. पांढरं जाण्यावरच्या गोळ्या सरकारी केंद्रांत हिरव्या पाकिटात मिळतात आणि एकदाच घ्यायच्या असतात. ओटीपोटातल्या सुजेसाठीच्या पिवळ्या पाकिटातल्या गोळ्या चौदा दिवस चालतात. गर्भाशयाच्या मुखावर काही संशय असेल, तर सौम्य आम्ल लावून बघायची साधी तपासणी आहे, नर्सलाही शिकवता येते. तिशीनंतर दर पाच वर्षांनी ती व्हावी, असं २०१६च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. पण गोळ्यांनी बरी झालेली बाई पुन्हा त्याच कोपीत जाते आणि पुढच्या हंगामात तेच दुखणं घेऊन परत येते. नवऱ्यावर उपचार झालेले नसतात, कारण तो दवाखान्यात आलेलाच नसतो. तिसऱ्या वर्षी तिचा माझ्या गोळ्यांवरचा विश्वास उडालेला असायचा. मी तिला दोष देत नाही. रोगाचं कारण फडात होतं आणि मी तालुक्यात बसून गोळ्या देत होते.

मग ती तालुक्याच्या गावातल्या एखाद्या खाजगी दवाखान्यात जाते. तिथे सोनोग्राफी होते आणि तिला सांगितलं जातं, पिशवी खराब झालीय, सूज आहे, उद्या कॅन्सर होईल, काढून टाका. मूल तर आता नकोच आहे ना? सगळेच डॉक्टर असं सांगत होते असं अजिबात नाही. पण ज्या बायका टाके दाखवायला माझ्याकडे यायच्या, त्यांच्यातल्या कितीतरी जणी 'कॅन्सर' हाच शब्द घेऊन आलेल्या असायच्या, आणि त्यांच्या कागदांत पेशींची तपासणी केल्याचा एकही रिपोर्ट नसायचा. माझ्या मते हा गुन्हा आहे, यापेक्षा सौम्य शब्द मला सापडत नाही.

तिचा हिशोब इथे सुरू होतो. पाळीचे चार दिवस, दुखण्याचे आणखी दोन-तीन. एक दिवस कामावर गेलं नाही की मुकादम खाडा धरतो आणि त्या दिवसाचा दंड उचलीतून कापतो. दंड पाचशेचा असो की जास्त, दोघांच्या मजुरीचं बुडणं वेगळंच, कारण कोयता जोडीचा आहे आणि ती बसली तर तोही बसतो. हंगामभरातले असे दिवस मोजले, तर शस्त्रक्रियेसाठी काढलेलं वीस-तीस हजारांचं कर्ज दोन हंगामांत भरून निघतं. हे कर्जही बऱ्याचदा मुकादमच देतो, पुढच्या उचलीत धरून. शस्त्रक्रिया उन्हाळ्यात, पाडव्यानंतर गावी परतल्यावर करून घ्यायची, म्हणजे दसऱ्यापर्यंत उभं राहता येतं. तिने सगळा विचार केलेला असतो. पिशवीबरोबर बीजकोषही गेले तर पस्तिशीतच पाळी जाण्याचे सगळे परिणाम भोगावे लागतील, हाडं ठिसूळ होतील, हृदयाचा धोका वाढेल, हे मात्र तिला कुणी सांगितलेलं नसतं. पाच वर्षांनी ती सांधे धरून माझ्याकडे परत यायची, आणि तेव्हा मोळी उचलण्याची ताकद खरोखरच गेलेली असायची.

तू विचारलंस की पाच लाखांच्या कवचाचं काय. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ला राज्यभर गेली, आणि २०२४ पासून केंद्राच्या आयुष्मान भारतशी जोडून सर्व कुटुंबांना पाच लाखांपर्यंत वाढली. हृदय, मूत्रपिंड, कॅन्सर, अपघात यांसाठी तिने खूप लोकांना वाचवलं आहे, मी स्वतः रुग्ण पाठवले आहेत. पण ती पैसे मोजते ते दाखल झालेल्या रुग्णाच्या ठरावीक उपचारांसाठी. दाखल न होता घेतलेल्या गोळ्या, तीन वेळा परत येऊन करायची तपासणी, नवऱ्याला बोलावून दिलेलं औषध, बाईशी अर्धा तास बसून बोलणं, यांतलं काहीच तिच्या यादीत नाही. बाई बरी होऊन पिशवीसकट घरी गेली, तर त्यासाठी कुणालाच पैसे मिळत नाहीत. देशातल्या गर्भपिशवी काढण्याच्या शस्त्रक्रियांपैकी साधारण दोनतृतीयांश खाजगी रुग्णालयांत होतात, हे राष्ट्रीय पाहणीतच दिसलं होतं. सरकारकडे तालुका पातळीवर स्त्रीरोगतज्ज्ञ असायला हवा, तो पुष्कळ ठिकाणी नसतो. असला तर भूलतज्ज्ञ नसतो. माझ्या केंद्रातून अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयात जायचं तर बाईचा पूर्ण दिवस जायचा, आणि सोबत कुणीतरी लागायचं.

याहून मोठी गोष्ट धोरणावरच्या चर्चेत फारशी येत नाही. आपली सगळी सार्वजनिक सेवा माणूस एका जागी राहतो असं धरून बांधलेली आहे. उपकेंद्र पाच हजार लोकसंख्येला, डोंगरी भागात तीन हजारांना. प्राथमिक आरोग्य केंद्र तीस हजारांना. आशा हजाराला एक. ही लोकसंख्या जनगणनेची, आणि आपली शेवटची जनगणना २०११ची. मोजलेलं माणूस वर्षातले सहा महिने त्या गावात असतं की नाही, हे कुणीच विचारलेलं नाही. दसऱ्यानंतर आमच्या पट्ट्यातली काही गावं अशी रिकामी होतात की म्हातारे आणि कुत्री तेवढी उरतात. तेव्हा उपकेंद्रातली सिस्टर, आशाताई, अंगणवाडीसेविका सगळ्या तिथेच असतात, रजिस्टरही तिथेच असतं. आणि सांगली, कोल्हापूर, साताऱ्यात किंवा कर्नाटकात बेळगावकडे ज्या गावाच्या शिवारात शंभर कोप्या उभ्या राहतात, तिथल्या आशाच्या यादीत यांतली एकही बाई नसते. तिथली आशा वाईट नसते. तिच्या हजारात या बायका नाहीत, आणि तिच्या मोबदल्यातला कामागणिक भाग तिच्या यादीवर ठरतो.

सहावा महिना लागलेली बाई घे. ऑक्टोबरात तिची नोंदणी आमच्याकडे झाली, दोन तपासण्या झाल्या, लोहाच्या गोळ्या दिल्या. नोव्हेंबरात ती गेली. आमच्या रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढे 'स्थलांतरित' असं लिहिलं जातं आणि आमची जबाबदारी तिथे संपते. जानेवारीत ती फडात बाळंत होते, कधी कारखान्याजवळच्या दवाखान्यात, कधी कोपीत. दवाखान्यात झालेल्या बाळंतपणानंतर आशाने सहा वेळा घरी जायचं असतं: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. या बाळाकडे त्यांतल्या एकाही दिवशी कुणी जात नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती मोळ्या बांधायला परत लागलेली असते. एप्रिलमध्ये ती गावी येते तेव्हा बाळाच्या दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लशी राहिलेल्या असतात आणि वजन घटलेलं असतं. मग आम्ही त्या मुलाला कुपोषित म्हणून नोंदवतो आणि आमच्या जिल्ह्याचा आकडा बिघडला म्हणून बैठकीत बोलणी खातो. ज्या जिल्ह्यात ते कुपोषित झालं, तिथल्या बैठकीत त्याचं नावही निघत नाही. या एका गोष्टीवर मी कितीतरी बैठकांत बोलले आहे. 'तुमचं म्हणणं बरोबर आहे मॅडम' असं उत्तर मिळायचं आणि पुढचा विषय सुरू व्हायचा.

हे होऊ शकत नाही असं नाही. रेशनचं झालं. आता शिधापत्रिकेवरचं धान्य आपल्या गावाबाहेर, दुसऱ्या राज्यातसुद्धा उचलता येतं. बीडचा माणूस कागलमध्ये अंगठा लावून गहू घेऊ शकतो. त्याच्या बायकोच्या गरोदरपणाची नोंद मात्र बीडहून कागलला जाऊन तिथल्या सिस्टरच्या कामाच्या यादीत उमटत नाही. धान्य माणसामागून नेता आलं, कारण दुकानदाराला ज्याने माल दिला त्याच्या नावावर हिशोब मिळतो. आरोग्यात तशी सोय करायची तर मनुष्यबळ आणि पैसा हंगामाप्रमाणे हलवावा लागेल. नोव्हेंबर ते मार्च साखरपट्ट्यातल्या आरोग्य केंद्रांना जादा आशा, जादा सिस्टर, फिरतं पथक, आणि त्या केंद्राच्या उद्दिष्टात तळावरची लोकसंख्या धरलेली. आमच्या रिकाम्या गावांतल्या काही आशाताई स्वतःच ऊसतोड कुटुंबातल्या आहेत. त्यांना टोळीबरोबर जायला सांगून पगार दिला, तर त्या जातील. जामखेडला आरोळे डॉक्टर दांपत्याने १९७०पासून गावच्याच, न शिकलेल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून उभं केलं. त्या जे करू शकल्या, ते तळावर का होऊ नये?

सामाजिक आधाराची बाजूही याच गाठीत अडकलेली आहे. मागे राहिलेली म्हातारी माणसं नातवंडं सांभाळतात, आणि त्यांना कुणी सांभाळत नाही. संजय गांधी निराधार किंवा श्रावणबाळ योजनेचे पैसे चालू राहायचे तर वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो, आणि मुलगा-सून फडात असतात. मोतीबिंदू झालेली म्हातारी तहसीलला एकटी कशी जाणार? माझ्याकडे रक्तदाबाची गोळी संपून महिना झालेले, नातवाला घेऊन आलेले आजोबा यायचे. त्यांना मी गोळ्या द्यायचे आणि नातवाला अंगणवाडीत पाठवायला सांगायचे, पण आजोबांचे गुडघे आणि अंगणवाडीची टेकडी यांचं काय करायचं ते मला कळायचं नाही. मुलांसाठी हंगामी वसतिगृहं आहेत, संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहं २०२१ला मंजूर झाली. ती जिथे नीट चालतात तिथे मुलीचं लग्न दोन-तीन वर्षं तरी पुढे जातं, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. पिशवीच्या शस्त्रक्रिया कमी करायचा इतका थेट उपाय दुसरा नाही. विसाव्या वर्षी लग्न झालेली, उसाला न गेलेली मुलगी तिशीत माझ्यासमोर पिशवी काढायचं विचारत येत नाही.

तू कारवाईबद्दलही विचारलं आहेस. २०१९नंतर बीडमध्ये खाजगी रुग्णालयांना गर्भपिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली. एप्रिल २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भपिशवी-शस्त्रक्रियांबाबत केंद्राच्या मार्गदर्शक सूचना सर्व राज्यांनी तीन महिन्यांत लागू कराव्यात असं सांगितलं. मी परवानगीच्या नियमाच्या बाजूने आहे. त्याने भीती बसली, कागद तयार होऊ लागले, दुसरं मत घेणं सुरू झालं. पण माझ्याकडे येणाऱ्या बायकांचं पांढरं जाणं त्या नियमाने थांबलं नाही. काही जणी शेजारच्या जिल्ह्यात जाऊन शस्त्रक्रिया करून आल्या. आणि जिला खरोखरच गरज होती, मोठी गाठ होती, रक्त थांबत नव्हतं, तिलाही शिक्क्यासाठी खेटे घालावे लागले. दरवाजा बंद करताना आतल्या बाईला दुसरी वाट करून द्यायला हवी होती. परवानगी नाकारलेल्या प्रत्येक बाईचं नाव तिच्या आरोग्य केंद्राकडे गेलं पाहिजे आणि तिच्यावर वर्षभर उपचार झाले पाहिजेत. तेवढा एक ओळीचा आदेश निघाला असता, तरी खूप फरक पडला असता.

पैशाबद्दल एवढंच. राष्ट्रीय आरोग्य धोरण २०१७ने राज्यांनी अंदाजपत्रकाच्या आठ टक्के आरोग्यावर खर्च करावेत असं म्हटलं होतं. महाराष्ट्र त्याच्या निम्म्याच्या आसपास आहे. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं कल्याण महामंडळ आहे, त्याला गाळपाच्या टनामागे कारखान्यांनी दहा रुपये आणि तेवढेच सरकारने द्यायचे असं ठरलं. हजार लाख टन गाळप होणाऱ्या वर्षी एकट्या कारखान्यांचा वाटा शंभर कोटींचा होतो. एवढ्यात तळावर संडास, पाणी आणि पाळणाघर सहज उभं राहतं. अडचण मालक कोण यावर येते. कारखाना म्हणतो मजूर मुकादमाचे, मुकादम म्हणतो मी स्वतःच मजूर होतो. त्यामुळे या बाईला बाळंतपणाची पगारी रजा नाही, कामगार विमा नाही, पाळीच्या दिवसाची सूट नाही. २०२४च्या सुरुवातीला तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मिळाली, संघटनांनी ती झगडून मिळवली. त्या करारात खाडा रद्द करण्याचं कलम असतं, तर माझ्या मते ते दरवाढीइतकंच आरोग्याचं काम झालं असतं.

अभ्यासासाठी काय करावं असं विचारलंस, तर दसऱ्याच्या आठ दिवस आधी धारूर, वडवणी किंवा केजच्या एखाद्या उपकेंद्रात जा. सिस्टरला विचार, या महिन्यात कारखान्याला जाणाऱ्या गरोदर बायका किती. ती तोंडपाठ नावं सांगेल, कुणाला कितवा महिना, कुणाचं रक्त किती, कोण कोणत्या मुकादमाच्या टोळीत. ती नावं, मुकादमाचा फोन आणि कारखान्याचं नाव एका कागदावर लिहून घे. मग डिसेंबरात त्या कारखान्याजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तो कागद घेऊन जा आणि विचार, यांतल्या किती जणी तुमच्या रजिस्टरमध्ये आहेत. तिथे मिळेल ते उत्तर जसंच्या तसं लिही, आणि परत जाताना तो कागद तिथल्या सिस्टरजवळ ठेवून ये.